देवबाग: एका बाजूला नदी, एका बाजूला समुद्र आणि मधे आमची खोली

आधीच सांगून टाकते, हॉटेलचं नाव यात लिहीत नाहीये. काही गोष्टी खटकल्या, त्या मालकांना समोरासमोर सांगून आलोय, त्यांनी शांतपणे ऐकून घेतल्या, करून घेतो म्हणाले, मग नावासकट लिहून त्यांचं नुकसान कशाला करायचं. पण मालवणजवळच्या देवबागला समुद्रालगत राहायचं म्हणजे नक्की कसं असतं, खोली काय बघून घ्यायची, वयस्कर माणसांना नेता येतं का, शाकाहारी माणसाचं तिथे काय होतं, हे सगळं लिहायचंच होतं, कारण जायच्या आधी मी स्वतः हेच शोधत होते आणि जिथे बघावं तिथे स्कूबा आणि सुरमई थाळी, बाकी काही नाही.

आम्ही चौघं. मी, नवरा, नऊ वर्षांची लेक आणि सासूबाई. आईंचं वय ७१, दोन्ही गुडघे दुखतात, जिना चढायचा म्हणजे कठडा धरून एकेक पायरी, आणि त्या माळकरी आहेत. मासे तर सोडाच, ज्या तव्यावर मासा भाजला त्या तव्यावरची भाकरीही त्यांना चालत नाही. त्यांना मालवणला नेतोय म्हटल्यावर घरातल्या प्रत्येकाने हेच विचारलं की त्या तिथे खाणार काय? आईंनी स्वतः फक्त एवढंच विचारलं की खोलीतून समुद्र दिसेल का, म्हणजे वाळूत चालणं नाही झालं तरी बसून बघता येईल.

फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात गेलो, मंगळवार ते शुक्रवार, तीन रात्री. मधले वार मुद्दाम धरले कारण शनिवार-रविवारी तिथे गाड्यांची रांग लागते आणि भावही वाढतात. पुण्याहून कोल्हापूर, राधानगरी, दाजीपूर, फोंडा घाट, कणकवली, मग कसालवरून मालवण असा रस्ता धरला. कराड ते कोल्हापूर पट्ट्यात हायवेचं काम चालू असल्याने डायव्हर्जन खूप, तिथे वेळ गेला, पण दाजीपूरच्या जंगलातून घाट उतरताना सगळा शीण गेला. दर दोन तासांनी आईंना उतरवून चालवत होतो त्यामुळे सकाळी सहाला निघून पोचेपर्यंत चार वाजले. मुंबईकडून येणार असाल तर सरळ रेल्वे करा, कोकणकन्या, मांडवी, तुतारी सगळ्या कुडाळला थांबतात, तिथून रिक्षा किंवा गाडी, तीसेक किलोमीटर.

आता जागा कशी आहे ते नीट सांगते कारण फोटोवरून ते कळत नाही. मालवणपासून तारकर्ली सहा-सात किलोमीटर, आणि तारकर्लीच्या पुढे रस्ता जात राहतो तो देवबागपर्यंत. हे देवबाग म्हणजे जमिनीची एक लांबट जीभ आहे, एका अंगाला अरबी समुद्र, दुसऱ्या अंगाला कर्ली नदी, आणि टोकाला दोघांचा संगम, पलीकडे भोगव्याचा किनारा दिसतो. काही ठिकाणी ही जमीन इतकी अरुंद आहे की आमच्या पडवीतून समुद्राची गाज ऐकू यायची आणि मागच्या दाराने निघून रस्ता ओलांडला की पाच मिनिटांत नदीच्या शांत पाण्यापाशी पोचायचो, तिथे आवाजच नाही, नुसते माड आणि पाण्यात उभ्या होड्या. सकाळी समुद्र आणि संध्याकाळी नदी असं आमचं ठरूनच गेलं होतं.

पण याच अरुंदपणामुळे एक गोष्ट होते आणि ती बुकिंग करताना कोणी सांगत नाही. देवबागला समुद्र जमीन खातो, दरवर्षी पावसाळ्यात किनारा झिजतो, म्हणून बऱ्याच ठिकाणी काळ्या दगडांचे धूपप्रतिबंधक बंधारे घातलेत. ते हवेतच, लोकांची घरं वाचतात त्याने. पण आपण ‘सी टच’ म्हणून खोली घेतो आणि पुढे बघतो तर वाळू नाहीच, दगडांचा ढीग आणि त्यापलीकडे पाणी, मग लहान मुलं आणि म्हातारी माणसं उतरणार कुठून? आम्ही फोनवर विचारलं होतं की समोर बंधारा आहे की वाळू, तर हॉटेलचे मालक काका म्हणाले आमच्यासमोर वाळू आहे, उजवीकडे दोन घरं सोडून बंधारा सुरू होतो. तसंच निघालं. खरं सांगितलं म्हणून तिथेच अर्धा विश्वास बसला.

हॉटेल म्हणजे माडांच्या बागेत सहा खोल्या, सगळ्या तळमजल्यावर, जांभ्या चिऱ्याच्या भिंती, वर कौलं, प्रत्येक खोलीला पुढे छोटी पडवी आणि दोन प्लास्टिकच्या खुर्च्या. स्विमिंग पूल नाही, रिसेप्शन नाही, लिफ्ट नाही, समोर समुद्र असताना पूलचं काही वाटलंही नाही. मालक काका-काकी स्वतः मागच्या घरात राहतात, मुलगा आणि सून हाताशी, वर गावातलीच दोन मुलं कामाला. आमची खोली कडेची, पडवीतून सरळ समुद्र, मधे फक्त सुरूची चार झाडं. आई आल्या आल्या खुर्चीत बसल्या त्या चहा येईपर्यंत उठल्याच नाहीत.

खोली स्वच्छ होती. चादरी धुतलेल्या, उन्हात वाळवलेल्या, वास यायचा तसा. एसी चालत होता पण बाहेरचं युनिट गंजून गेलेलं, खारं वारं लोखंड खाऊन टाकतं तिथे, काका म्हणाले दर तीन-चार वर्षांनी बदलावंच लागतं. खरं म्हणजे फेब्रुवारीत रात्री एसी लागलाच नाही, खिडकी उघडी ठेवून झोपलो. मच्छर मात्र आहेत, संध्याकाळी सहा ते आठ फार, कॉइल त्यांनी दिली पण खिडकीची जाळी एका कोपऱ्यात फाटलेली होती, तिथे आम्ही कागद कोंबला.

बाथरूमबद्दल माझी खरी तक्रार आहे. कमोड आहे, ठीक, पण शेजारी धरायला काहीच नाही, आणि फरशी गुळगुळीत, समुद्रावरून ओले पाय घेऊन आलं की घसरायलाच होतं. आईंना प्रत्येक वेळी मी धरून नेलं. दिवा इतका मंद की रात्री पायाखालचं दिसत नाही. आणि पाणी मचूळ, साबणाला फेस येत नाही, केस धुतले की चिकट राहतात. देवबागला दोन्हीकडे पाणी असल्याने विहिरींना थोडा खारटपणा येतोच, त्यात हॉटेलचा दोष नाही, पण शेवटच्या अंघोळीला एक बादली गोडं पाणी मागितलं तर देतात हे आम्हाला तिसऱ्या दिवशी कळलं, हे पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं की नाही? बेसिनचा नळही रात्रभर ठिबकायचा. प्यायचं पाणी वेगळं होतं, जारचं.

आता स्वयंपाकघर. ज्यासाठी मी हे सगळं लिहायला बसले ते हेच खरं तर.

स्वयंपाकघराच्या दारावर एक काळा फळा आहे. खडूने डावीकडे लिहिलेलं असतं आज कुठला मासा आलाय, आणि उजवीकडे भरती-ओहोटीच्या वेळा. रोज सकाळी काका पुसून नवीन लिहितात. लेकीने पहिल्या दिवशी विचारलं की वेळा रोज का बदलायच्या, तर त्यांनी तिला नीट बसवून सांगितलं की भरती रोज साधारण पाऊण तास, पन्नास मिनिटं पुढे सरकते, चंद्रावर असतं ते सगळं, अमावस्या-पौर्णिमेला उधाण. मग ती तीनही दिवस सकाळी उठली की आधी फळा बघायला पळायची. आमचा दिवसच त्या फळ्यावर ठरायला लागला, कधी चालायला जायचं, कधी बोट, जेवायला काय, सगळं.

मेनूकार्डही आहे, लॅमिनेट केलेलं, त्यात सुरमई, पापलेट, कोळंबी, कुर्ल्या, तिसऱ्या सगळं छापलेलं. नवऱ्याने पहिल्या रात्री सुरमई थाळी सांगितली तर काकी स्वतः बाहेर आल्या आणि म्हणाल्या, “आज इसवण घेव नकात, कालची आसा. बांगडो खावा, सकाळचो आसा.” इसवण म्हणजे सुरमईच, तिथली जुनी माणसं तसंच म्हणतात. सुरमई थाळी ४२० ची आणि बांगडा थाळी २८० ची, म्हणजे गिऱ्हाईक स्वतःहून महाग मागतंय आणि त्या स्वस्त खा म्हणतायत. असं कुठे होतं सांगा? बांगडे आले ते तिरफळ नावाचं मसाल्याचं फळ घातलेलं तिखलं, लाल, दाट, आणि दोन तळलेले, रवा लावलेले, वरून कुरकुरीत आणि आतून मऊ. मी आयुष्यात बांगडा फार खाल्ला नव्हता, वास येतो म्हणून टाळायचे, तिथे कळलं की ताज्या बांगड्याला तसा वास नसतोच. दुसऱ्या दिवशी दुपारी फळ्यावर इसवण आली तेव्हा सुरमई खाल्ली, जाड तुकडी, आणि तीही फारच चांगली होती, पण मला बांगडाच लक्षात राहिलाय. तिरफळ चावायचं नाही हां, बाजूला काढायचं, एक चुकून चावलं तर जीभ अर्धा तास बधिर.

आणि आई. पोचल्यावर मी काकींना जरा घाबरतच सांगितलं की सासूबाई माळकरी आहेत, तवा वेगळा लागेल, चालेल का. तर त्या म्हणाल्या, “आवशीक मासे चलत नाय तर काय झाला, तेंचा जेवान वेगळा करतंय, काळजी करू नकात.” आवस म्हणजे आई. आणि खरंच मागच्या घरातल्या चुलीवर, जिथे त्यांचं स्वतःचं सोमवारचं जेवण होतं, कारण सोमवारी त्या स्वतः मासे खात नाहीत, तिथे आईंचं सगळं वेगळं केलं. वेगळा तवा, वेगळी कढई, आईंना आत नेऊन दाखवलं सुद्धा की हे बघा. त्यानंतर आई निर्धास्त झाल्या.

तीन दिवसांत त्यांना काय काय मिळालं ते लिहिते म्हणजे मालवणात शाकाहारी माणूस उपाशी राहतो असं म्हणणाऱ्यांना कळेल. पहिल्या रात्री कुळथाची पिठी आणि उकड्या तांदळाचा भात, सोबत सोलकढी आणि पोह्याचा पापड. सकाळी घावणे आणि ओल्या खोबऱ्याची चटणी. दुपारी काळ्या वाटाण्याचं सांबारं आणि आंबोळ्या, हे तर आम्ही मासे खाणाऱ्यांनीही आईंच्या ताटातून मागून खाल्लं, भाजलेल्या खोबऱ्याचं वाटण, मालवणी मसाला, आणि ते वाटाणे रात्रभर भिजवून असे शिजवलेले की बोटाने दाबले तर मोडावेत. मग खतखतं, त्यात सगळ्या भाज्या आणि तिरफळ. आणि शेवटच्या दिवशी ओल्या काजूची उसळ.

ओल्या काजूचं जरा सांगायलाच पाहिजे. हा काजू फेब्रुवारी-मार्चपासून येतो, शेकड्यावर विकतात, वजनावर नाही, आणि महाग असतो, कारण त्याच्या सालीचा चीक हाताला लागला तर कातडी सोलून निघते. काकी आणि त्यांची सून दुपारभर पडवीत बसून हाताला खोबरेल लावून बी कापत होत्या, मग गरम पाण्यात टाकून वरचं साल काढायचं. आई बाजूला बसून साल काढायला लागल्या, त्या दोघी नको म्हणतायत आणि या ऐकेनात. दोन तास गप्पा, एक मालवणी बोलतेय आणि एक पंढरपूरकडची मराठी, आणि दोघींना एकमेकींचं सगळं कळतंय. उसळ संध्याकाळी आली, पांढरट, नारळाच्या रसातली, मिरची अगदी जरा, काजू गोडसर आणि लुसलुशीत. आपण पुण्यात सुके काजू भिजवून जे करतो त्याची आणि याची चवच वेगळी, तुलना करायलाही जाऊ नका. गोडाला एकदा खापरोळ्या होत्या, पिवळ्या जाळीदार, गूळ-वेलची घातलेल्या नारळाच्या रसात बुडवलेल्या, लेकीने चार खाल्ल्या.

सोलकढी रोज, आणि ती कोकमाच्या आगळाची, म्हणजे घट्ट रसाची, आणि ताज्या नारळाच्या रसाची, फिकट गुलाबी. वाटेत हायवेवर एका ठिकाणी गडद गुलाबी प्यालो होतो, त्यानंतर ही प्यायल्यावर फरक लगेच कळतो. एकच खोट जेवणात, नाश्ता उशिरा. आठ म्हणतात आणि पावणेनऊ होतात. सकाळी बोट असेल तर बिस्किटं जवळ ठेवा.

किनाऱ्याचं. वाळू पांढरट, बारीक, आणि मंगळवार-बुधवारी माणसं अगदी तुरळक. आईंना कोरड्या वाळूत चालणं जमेना, पाय रुततात, गुडघ्यावर जोर येतो. काकांनी फळा दाखवून सांगितलं की ओहोटीला या, ओली वाळू फरशीसारखी घट्ट असते. मग ओहोटीच्या वेळेला मी आणि नवरा दोन्ही बाजूंनी धरून पंधरा पावलं कोरडी वाळू पार केली आणि पुढे आई स्वतः चालल्या, काठी टेकत, घोट्यापर्यंत पाण्यात, जवळजवळ अर्धा तास. रोज चालल्या. तिसऱ्या दिवशी काठीही माझ्याकडे दिली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी रापण लागली. म्हणजे होडीतून लांबलचक जाळं समुद्रात अर्धगोल टाकत नेतात, दोन्ही टोकं किनाऱ्यावर, आणि मग दोन्ही बाजूंनी माणसं ते ओढत आणतात, पंचवीस-तीस माणसं सहज असतील, बायका, म्हातारे, शाळेत जायच्या आधी आलेली मुलं. आम्ही बघत उभे होतो तर एका आजोबांनी लेकीला दोर धरायला दिला. ती आणि नवरा तासभर ओढत होते, हात लाल झाले. जाळं आलं तेव्हा आत बांगडे, तारल्या, थोडी कोळंबी, एक-दोन लेपे, सगळं चांदीसारखं उडतंय. फार नव्हतं, म्हणाले पूर्वी याच्या कितीतरी पट मिळायचं, आता मोठ्या घेराची जाळी टाकणाऱ्या पर्ससीन बोटी आणि रात्री एलईडी लावून मासेमारी होते त्यामुळे किनाऱ्यापर्यंत येतंय कुठे. पण दोर ओढणाऱ्याला वाटा मिळतो ही तिथली रीत आहे, म्हणून लेकीच्या हातात चार बांगडे ठेवले. ती ते धावत काकींकडे घेऊन गेली आणि दुपारी तिच्या ताटात तेच तळून आले. शाळेत निबंधाला विषय मिळाला म्हणून नाचत होती.

आता जे मनाला लागलं ते. त्याच दिवशी दुपारी किनाऱ्यावर एक माणूस आला, संगम, सुनामी आयलंड आणि वॉटरस्पोर्ट्सचं पॅकेज म्हणून, हॉटेलचा नव्हता. सुनामी आयलंड म्हणजे संगमाजवळचा वाळूचा पट्टा, २००४ च्या सुनामीनंतर वर आला म्हणून ते नाव पडलं असं सांगतात, ओहोटीला उघडा असतो आणि भरतीला पाणी चढतं. १००० ॲडव्हान्स दिले, आई हॉटेलवरच थांबल्या. बोटीत बसलो तर लेकीला मोठ्या माणसाचं लाइफ जॅकेट, तेही एक बक्कल तुटलेलं, खांद्यावरून वर सरकून कानापर्यंत येत होतं. मी लहान मुलांचं मागितलं तर म्हणे, काही होत नाही मॅडम, दहा मिनिटांचं तर आहे, आणि बोटीत माणसं भरतच होते. मी लेकीला घेऊन उतरले. नवरा पैसे मागायला थांबला, बराच वाद घालून ५०० परत मिळाले. माझे हातपाय थरथरत होते खरंच, कारण २०२२ च्या मे महिन्यात याच तारकर्लीच्या समुद्रात पर्यटकांची बोट उलटून दोन जण गेले होते, तेव्हा ती बातमी मी वाचली होती आणि ती डोक्यातून गेलेली नाही. कृपा करून मुलांचं जॅकेट अंगाला घट्ट बसतंय का हे बघितल्याशिवाय बोट सुटू देऊ नका, कोणी हसलं तरी चालेल. आणि संगमावर पोहायला उतरू नका, वर शांत दिसतं पण खाली नदी आणि समुद्राची ओढ असते, तिथले लोकही उतरत नाहीत.

काकांना सांगितल्यावर ते चिडले, आमच्यावर नाही, त्या प्रकारावर. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला त्यांनी ओळखीच्या नावाड्याची होडी ठरवली, लेकीच्या मापाचं जॅकेट होतं, बक्कल लावून त्याने स्वतः ओढून बघितलं. १८०० घेतले पूर्ण होडीचे, आधी नदीतून, मग संगम, मग बाहेर डॉल्फिन. सात-आठ डॉल्फिन दिसले. दुसऱ्या दोन बोटी इंजिन लावून त्यांच्यामागे धावत होत्या, आमच्या नावाड्याने इंजिन बंद केलं आणि म्हणाला, वायच थांबा, आपणच येतत. आले. इतके जवळ की श्वास सोडल्याचा फुस्स आवाज ऐकू आला. आईंना त्या दिवशीही आणलं नव्हतं कारण होडीत चढायला गुडघाभर पाण्यातून जावं लागतं आणि काठ उंच असतो, याचं मला वाईट वाटतंय. नदीच्या बाजूला जेटीवरून चढता आलं असतं असं नंतर कळलं, पुढच्या वेळी तसं विचारणार.

स्कूबा फक्त नवऱ्याने केलं, मालवणला, त्याला पोहता येत नाही तरी चालतं, इन्स्ट्रक्टर पूर्ण वेळ धरून असतो, आधी तोंडाने श्वास घ्यायची प्रॅक्टिस करून घेतात. कानाला दडा बसतो त्यासाठी नाक दाबून हवा सोडायची ते नीट शिकून घ्या. त्याला पोवळी दिसली, पट्ट्यापट्ट्यांचे मासे दिसले, खूश होता. पण व्हिडिओत मासे जवळ यावेत म्हणून पाण्यात ब्रेड टाकतात ते त्याला आणि मला दोघांनाही अजिबात आवडलं नाही. इथला समुद्र १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, तिथे माशांना पाव कशाला घालायचा? तुम्ही गेलात तर आधीच सांगा की आम्हाला ब्रेडवाला व्हिडिओ नको.

सिंधुदुर्ग किल्ल्यावर आईंना नेलं आणि ते बरं केलं. मालवणच्या जेटीवरून बोट, चढता-उतरताना बोटीवरच्या मुलांनी दोन्ही हात धरले, एकाने तर आजी घाबरू नका म्हणत अक्षरशः उचलूनच ठेवलं. २५ नोव्हेंबर १६६४ ला महाराजांनी पायाभरणी केली तो हा किल्ला, कुरटे बेटावर, आणि मुख्य दरवाजा इतका बेमालूम लपवलाय की बोट अगदी जवळ जाईपर्यंत दिसत नाही. बोटवाले साधारण तासभर देतात, त्यात ४८ एकर किल्ला बघून होत नाही, आई असताना तर नाहीच, म्हणून आम्ही फक्त राजाराम महाराजांनी बांधलेलं शिवराजेश्वर मंदिर आणि दूधबाव, साखरबाव, दहीबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी एवढंच केलं. चहूबाजूंनी खारं पाणी आणि आत विहिरीला गोडं पाणी, आई त्या कठड्याशी किती वेळ उभ्या होत्या. आम्ही हॉटेलात मचूळ पाण्याने अंघोळ करून आलो होतो त्यामुळे ते जास्तच जाणवलं. पावसाळ्यात ही बोट बंद असते, तेव्हा किल्ल्यासाठी जाणार असाल तर ते बघून ठरवा.

एका रात्री लाईट गेली, दीड तास. इन्व्हर्टरवर पंखा आणि एक दिवा चालतो. आम्ही सगळे बाहेर बसलो, तेव्हा काकांनी २०२१ च्या मे महिन्यातल्या तौक्ते वादळाचं सांगितलं, माड मुळासकट पडले, कौलं उडाली, कित्येक दिवस वीज नव्हती. ज्या चार माडांच्या जागी आता नवीन रोपं लावलीयत ती त्यांनी बॅटरी मारून दाखवली. माड धरायला वर्षं लागतात, म्हणाले, पण लावायचे तर आत्ताच. त्या माडांखाली खुर्ची टाकू नका असंही ते प्रत्येक पाहुण्याला सांगतात, नारळ पडतो.

खर्चाचं विचारणारे असतील म्हणून: खोली ३४०० रुपये रात्रीची, जास्तीच्या गादीचे ५००, शाकाहारी थाळी १८०, चौघांचं तीन दिवसांचं चहा-नाश्ता-जेवण मिळून ६२०० च्या आसपास झालं. काजूची उसळ वेगळी लावली नाही, मी आठवण केली तरी काकींनी घेतलं नाही, म्हणाल्या आवशीने साली काढल्यान ना.

देवबाग-तारकर्लीला कुठेही बुकिंग करताना फोनच करा, ॲपवरच्या फोटोवर जाऊ नका, आणि हे विचारा: समोर वाळू आहे का बंधारा, खोली तळमजल्यावर आहे का, कमोडशेजारी धरायला दांडी आहे का, मासे कोण आणतं आणि कधी आणतं. शेवटच्या प्रश्नाला जो पटकन उत्तर देतो, अमुक होडीवरून, अमुक वाजता, तिथे जेवण चांगलं असणार. आमच्याशी दोन ठिकाणी फोनवर बोलणं झालं होतं, तिथे ‘सगळं मिळेल मॅडम, कधीही’ असं म्हणाले, तिथे आम्ही गेलो नाही.

निघताना खाजा, कोकम आणि आगळाच्या दोन बाटल्या मालवणच्या बाजारातून घेतल्या, आणि काकींनी आईंना काळे वाटाणे किलोभर बांधून दिले, वर वाटणात किती खोबरं आणि किती धणे ते तोंडी सांगितलं, आईंनी ते हरिपाठाच्या वहीच्या शेवटच्या पानावर लिहून घेतलंय. परवा काकांचा फोटो आला, बाथरूममध्ये स्टीलची दांडी बसवलीय आणि मोठा दिवा लावलाय. नळाचं विचारलं तर प्लंबर येतोय म्हणाले. नोव्हेंबरची तीच कडेची खोली सांगून ठेवलीय, या वेळी आईंची धाकटी बहीणही येणार आहे.